कोकणातली मोठी डिझेल व्हॅन : घ्यावी कशी, वर्षानुवर्षं सांभाळावी कशी

मार्च संपत आला होता, आंब्याची गडबड सुरू व्हायच्या आधी गाडी धुऊन घ्यावी म्हणून मी व्हॅनच्या मागच्या भागात अंथरलेला अॅल्युमिनियमचा पत्रा पहिल्यांदाच उचलला. गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती. बाहेरून रंग चकचकीत होता. पत्र्याखालची लोखंडी फरशी मात्र तळलेल्या पापडासारखी फुगली होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ते आरपार गेलं आणि भोकातून खालचं अंगण दिसलं. मासळीच्या क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारं पाणी स्क्रूच्या भोकांतून झिरपून दोन पत्र्यांच्या मध्ये तीन वर्षं साचत होतं. मी सर्व्हिसिंग कधी चुकवलं नव्हतं. ऑइल, फिल्टर, ग्रीसिंग, सगळं किलोमीटरप्रमाणे वेळच्या वेळी होत होतं. पण किलोमीटर मोजून ही फरशी वाचणार नव्हती.

किनारपट्टीवर गाडीचं वय पावसाळ्यांत मोजावं लागतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने समुद्राचा खारा वारा असतो. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते आपण दरवर्षी बघतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळू लागतं. गाडीच्या पोटाला चिकटलेल्या मिठाचंही तेच होतं. पाऊस नसला, गाडी शेडमध्ये उभी असली, तरी ते लोखंड ओलंच राहतं. म्हणून इथे नुसती उभी असलेली गाडीसुद्धा गंजते.

मी गुहागर तालुक्यात माल वाहतो. एप्रिल-मे आंबा, पुढे किराणा आणि खत, गणपतीच्या आधी मूर्ती आणि मखराचं सामान, बाकी वर्षभर मासळी. एक जुनी व्हॅन २०१४ साली घेतली, दुसरी बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांत बसणारी) नवी २०२२ साली. या दोन गाड्यांनी जे शिकवलं ते क्रमाने सांगतो.

घेताना

आपल्याकडे मोठी डिझेल व्हॅन म्हटलं की दोन नावं पुढे येतात : फोर्सची ट्रॅव्हलर डिलिव्हरी व्हॅन आणि टाटाची विंगर कार्गो. ट्रॅव्हलरची जात मर्सिडीजच्या जुन्या व्हॅनची, इंजिनाचं घराणंही तेच, आणि ताकद मागच्या चाकांना. विंगर पुढच्या चाकांवर चालते, फरशी खाली असल्यामुळे माल चढवायला सोपी जाते आणि हाताला मोटारीसारखी हलकी लागते.

यातली कोणती घ्यायची हे तुमच्या घरापर्यंतचा रस्ता ठरवतो. माल भरला की वजन मागे जातं. शेवाळलेल्या जांभ्याच्या उभ्या चढणीवर पुढची चाकं हलकी होतात आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत राहते. तुमची वाडी खाली आणि रस्ता वर असेल, तर मागच्या चाकांची गाडी घ्या. चिपळूण किंवा रत्नागिरी शहरात दुकानोदुकानी वाटप असेल, तर पुढच्या चाकांची आरामात चालेल.

जुनी घेणार असाल तर घाटमाथ्यावरची बघा. कोल्हापूरची एमएच-०९, साताऱ्याची एमएच-११, कराडची एमएच-५० अशा पासिंगची गाडी चार पैसे जास्त देऊनही परवडते. किनाऱ्यावर मासळी वाहिलेली व्हॅन स्वस्तात मिळाली तरी नको. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेली चासी होत नाही.

गाडी बघायला जाताना टॉर्च आणि जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर न्या. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्यायला सांगा आणि मुठीने खालून ठोकत चला. निरोगी पत्रा टणटण वाजतो, आतून गेलेला बद वाजतो. ड्रायव्हरच्या पायाखालची फरशी, चढायची पायरी, सरकत्या दाराच्या खालची पट्टी, पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे, बॅटरीचा ट्रे, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि चासीची मागची टोकं या जागा सोडू नका. खाली नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर तिथे दुप्पट ठोका.

इंजिन थंड असतानाच बघायचं. सकाळी जाणार आहोत, तोवर गाडी चालू करू नका, असं मालकाला आदल्या दिवशी सांगा आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून बघा. गाडी चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून भकाभक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, मालकाने काहीही सांगो. कर्जाचा बोजा, फिटनेस आणि विमा सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून तपासा, थकलेली चलनं ई-चलनच्या साइटवर. मगच इसाऱ्याचं बोला.

पहिला हिवाळा : गंजाचं काम

नवी असो की जुनी, गाडी घरी आल्यावर येणाऱ्या पहिल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हे काम करून घ्या. त्या महिन्यांत हवा कोरडी असते. मे अखेरीस, वळीव पडून गेल्यावर घाईघाईने मारलेलं अंडरकोटिंग मी स्वतःच्या गाडीवर बघितलं आहे. ओल आत अडकली आणि वर्षभरात कोटिंग सालीसारखं हातात आलं, खालचा पत्रा त्याच्यासकट.

सुरुवात धुण्यापासून. पोट धुवायला गोडं पाणीच हवं. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्याने धुणं म्हणजे मीठ चोळणं. पाणी खालून वर मारा, मडगार्डच्या आत, पाट्यांच्या मध्ये, डिझेलच्या टाकीवर. मग गाडी दोन-तीन दिवस उन्हात, दारं उघडी टाकून वाळू द्या.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळं त्यावरच अवलंबून आहे. तारेच्या ब्रशने सुटा गंज लोखंड दिसेपर्यंत खरवडायचा. खळग्यांत जो राहतो त्यावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावायचं, हातमोजे घालून, डब्यावर लिहिलेला वेळ पाळून. ते पूर्ण वाळलं की रेड ऑक्साइडचे किंवा इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर रंग, आणि शेवटी वरून अंडरकोटिंग. गंज न काढता थेट रबरी कोटिंग मारणारे पुष्कळ भेटतील. जखम न धुता पट्टी बांधण्यासारखं आहे ते.

चासीच्या आणि दारांच्या पोकळ्या आतून गंजतात आणि बाहेरून काही कळत नाही. त्यांत लांब नळीच्या स्प्रेने मेणाचं कॅव्हिटी वॅक्स सोडायचं. दारांच्या आणि पायरीच्या खालच्या कडेला लहान लहान भोकं असतात, ती पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत. चिखलाने किंवा कोटिंगने ती बुजली की दार आतून पाण्याने भरतं. मी दर महिन्याला जुन्या सायकलची एक तार त्या प्रत्येक भोकातून फिरवतो. पाच मिनिटांचं काम आहे.

जुन्या ड्रायव्हरांची पद्धत म्हणजे जळकं ऑइल आणि डिझेल एकत्र करून खाली फवारणं. लोखंडाला त्याचा फायदा होतो, हे खरं. पण बुश आणि ब्रेकचे रबरी पाइप त्याने फुगतात, आणि पहिल्या पावसात ते धुऊन तुमच्याच अंगणातून विहिरीकडे जातं. मी ते बंद केलं.

मासळी वाहणाऱ्यांनी फरशीवर पत्रा स्क्रूने ठोकूच नये. अॅल्युमिनियम आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागून राहिले की लोखंडाच्या दुखण्यात अॅल्युमिनियमचं कुजणंही वाढतं, शिवाय प्रत्येक स्क्रू पाण्याला वाट देतो. मी आता फरशीला इपॉक्सी रंग देऊन वर सुटी जाड रबरी मॅट टाकतो. रोज संध्याकाळी ती ओढून काढायची, खाली पाणी मारायचं, आणि गाडी नाक वर करून उतारावर लावायची, म्हणजे सगळं पाणी मागच्या दाराने जातं. मासळी बंद झाकणाच्या टबांतच भरायची. जाळीच्या क्रेटमधून मासळी नेऊन गाडी वाचवता येत नाही.

आणि ज्या गाडीत मासळी, तिच्यात आंबा नको. पेंढा आणि लाकूड वास धरून ठेवतात. हंगामात एकच गाडी दोन्हीकडे वापरावी लागलीच, तर मॅट बदला, आतून सोड्याच्या पाण्याने धुवा आणि दोन दिवस उन्हात उघडी ठेवा. पेटी उघडल्याबरोबर वाशीच्या व्यापाऱ्याला वास आला तर पुढच्या खेपेचा भाव पडलाच म्हणून समजा.

डिझेल, फिल्टर आणि युरिया

जुन्या इंजिनाला थोडंफार पाणीमिश्रित डिझेल पचायचं. आताच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबाने इंजेक्टरमधून जातं, तिथे पाण्याचा थेंबही पंप आणि इंजेक्टर खराब करतो. दमट हवेत अर्धवट रिकाम्या टाकीच्या आत रात्री दव धरतं. म्हणून पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरून गाडी लावायची सवय ठेवा. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा नळ असतो. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तो सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि बाटली उजेडात धरा. पाणी असेल तर ते तळाशी वेगळं दिसतं. पिंपातलं, होडीसाठी साठवलेलं डिझेल कितीही स्वस्तात मिळालं तरी टाकीत घालू नका.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आला. आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ याचाच होतो. साठलेली काजळी जाळायला आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. घर ते जेटी चार किलोमीटर, जेटी ते बाजार सहा, तेही दुसऱ्या गिअरवर, अशा फेऱ्यांत ते कधी जात नाही. काजळी साठते, दिवा लागतो, गाडी ओढेनाशी होते.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस ते तीस मिनिटं सलग न्या, एक गिअर खाली ठेवून, इंजिनाचे फेरे थोडे चढे ठेवून. मी मालाची एक फेरी मुद्दाम चिपळूणच्या पुढे हायवेवर काढतो. काजळी जळत असताना गाडी मध्येच बंद करू नका. तो कार्यक्रम पुन्हा पुन्हा अर्धवट राहिला की जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर हेच झालं आहे, ऑइल लगेच बदला. या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड सोडून दुकानदार देईल ते घालू नका.

एक गोष्ट आंबा वाहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवायची. काजळी जळत असताना किंवा नुकतीच जळल्यावर सायलेन्सर भयंकर तापलेला असतो. तशी गाडी बागेत, वाळलेल्या पातेऱ्यावर उभी करू नका. माझ्या गाडीखाली एकदा धूर दिसला तेव्हा पेट्या भरून झाल्या होत्या. जवळ पाण्याची कळशी होती म्हणून निभावलं. आता मी भरण्याच्या जागेचा पातेरा आधी झाडून घेतो.

ज्या गाडीला डीईएफ (सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा द्रव) लागतं, ज्याला सगळे युरियाच म्हणतात, तिथे गोणीतला युरिया पाण्यात कालवून ओतायचा मोह कुणाला होऊ नये. डीईएफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असतं. खताच्या युरियाने आणि विहिरीच्या पाण्याने ती यंत्रणा बंद पडते, आणि तिची दुरुस्ती एका हंगामाची कमाई खाते. कॅन उन्हात ठेवला तरी द्रव खराब होतो. घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा.

घाट

गुहागरहून कराडकडे माल न्यायचा तर चिपळूण, पोफळी आणि मग कुंभार्ली घाट. रत्नागिरीकरांना आंबा घाट, सावंतवाडीकरांना आंबोली. चढताना गाडी तापते ती बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे बसल्यामुळे. जाळी आतून बाहेर, हलक्या पाण्याने धुवा. रेडिएटरमध्ये कूलंटच घाला. वर पोचल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन शांत चालू ठेवा, टर्बोला थंड व्हायला वेळ मिळतो.

उतरताना ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि डिझेल वाचवायला सगळे मोडतात. याच्या मागे आपल्या हवेचाही भाग आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १४० च्या आसपास उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. दमट किनाऱ्यावर ब्रेक ऑइल दोन वर्षांच्या पुढे नेऊ नका, रंग स्वच्छ दिसला तरी.

पावसाळ्यात

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वायपरची रबरं, टायर, ब्रेक लायनर, हेडलाइटच्या वायरी आणि बॅटरीचे टर्मिनल बघून घ्या. टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा. टायरच्या नक्षीची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण आपल्या पावसात ३ मिलिमीटरला टायर बदललेला बरा.

मोरीवरून किंवा साकवावरून पाणी वाहत असेल तर थांबा. पाण्याचा जोर बघून नव्हे, पाणी वाहतंय एवढ्यावरूनच. कधी साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं, तर आधी पाच मिनिटं गाडी थंड होऊ द्या. तापलेला मागचा हाऊसिंग (मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा) गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे त्याच्या हवेच्या भोकातून, पाणी आत ओढलं जातं. पाण्यातून आल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जा, लायनर सुकतात. त्याच आठवड्यात हाऊसिंगचा नट उघडून ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर बदला.

गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका, केबल आणि लायनर धरतात. गिअरमध्ये टाका आणि चाकांना दगड लावा. गवतावर लावू नका, चिऱ्यांची किंवा खडीची जागा करा. प्लास्टिकची ताडपत्री गाडीला लपेटू नका, आत वाफ कोंडते. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड सगळ्यात चांगली. आणि माडाखाली नको. माझी पुढची काच एका नारळाने गेली तेव्हा वारासुद्धा नव्हता.

जेटी आणि फेरीबोट

धोपावे-दाभोळ किंवा तवसाळ-जयगड फेरीने पन्नासेक किलोमीटरचा वळसा सहज वाचतो, पण गाडीच्या पोटाला तो प्रवास महाग पडतो. ओहोटीला बोटीचा रॅम्प उभा होतो आणि लांब व्हॅनचं मागचं टोक घासतं. शक्य असेल तर भरतीच्या वेळेची फेरी धरा. उतारावर शेवाळ असतं, पहिल्या गिअरवर, न थांबता चढा. त्या दिवशी रात्री कितीही उशीर झाला तरी गोड्या पाण्याने पोट धुवायचं. दुसऱ्या दिवशी म्हटलं की राहतं.

कागदपत्रं

मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर परमिट लागतं, बहुतेक मोठ्या व्हॅन त्यात येतात. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. विमा घेताना इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान त्यात धरलंय का, हे एजंटला लेखी विचारा. साध्या पॉलिसीत बहुधा नसतं.

गाडी पुरात बुडाली तर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा माझी जुनी व्हॅन तिथल्याच एका गॅरेजमध्ये होती. पाणी सीटपर्यंत चढलं होतं. पाणी उतरल्यावर मी पोचायच्या आधीच तिथल्या मुलाने, चालू होतेय का बघू म्हणून, सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकला. नुसतं धुऊन चाललं असतं ते इंजिन पूर्ण उघडावं लागलं.

म्हणून पाणी उतरल्यावर पहिला हात बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीला. ती काढा आणि चावी खिशात ठेवा, कुणाला देऊ नका. कशालाही हात लावण्यापूर्वी पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. मग गाडी टोचन करून न्यायची, ढकलून चालू करायची नाही. एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर मिस्त्रीला इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायला सांगा. इंजिन, गिअरबॉक्स आणि हाऊसिंग तिन्हींचं ऑइल सोडा, डिझेलची टाकी रिकामी करा, फिल्टर बदला. चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस धुऊन नवं भरा. वायरिंगची प्रत्येक जोडणी उघडून सुकवावी लागते, आणि पूर गाळ घेऊन आलेला असतो म्हणून सीटखालचं आणि दारांतलं सगळं काढून धुवावं लागतं. घाई केली तर महिन्याभराने सेल्फ जातो, मग अल्टरनेटर, मग दिवे, एकामागून एक.

दसऱ्याच्या आधी

पाऊस ओसरला की खंडेनवमीच्या आधल्या आठवड्यात मी दोन्ही गाड्या खड्ड्यावर घेतो. चारी ड्रम उघडतो, व्हील सिलिंडर गळतोय का बघतो, ब्रेकचे लोखंडी पाइप कापडाने पुसून बोट फिरवत जातो. जिथे बोटाला खरखर लागते तो पाइप त्याच दिवशी बदलायचा. पाट्यांच्या पिनांना ग्रीस, सरकत्या दाराच्या पट्टीतला गाळ साफ, आणि मॅट काढून फरशीवर पुन्हा एकदा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकणं. ज्या जागी आवाज बदलतो तिथे खडूने गोल करून ठेवतो. त्या गोलांचं काम नोव्हेंबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर. यंदा जुन्या गाडीला तीन गोल पडले, नवीला एक, पायरीच्या डाव्या कोपऱ्यात.